ऑइलचा लाल दिवा लागला तर : इंजिन खोलण्याआधी करायची तपासणी



आपल्या भागातल्या बऱ्याच बचत गटांनी जुनी पिकअप घेतली आहे. कुणाची गाडी दूध डेअरीवर पोचवते, कुणाची भाजी मार्केटला नेते, कुणाची मंडपाचं सामान वाहते. नवीन गाडी झेपत नाही म्हणून आपण दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी घेतो, पण कर्जाचा हप्ता काही जुना होत नाही, तो दर महिन्याला ताजाच असतो. गाडी चालवायला ड्रायव्हर असतो, दुरुस्तीला मिस्त्री असतो आणि चेकवर सही करायला आपण असतो. बॉनेट उघडलं की मात्र आपण दोन पावलं मागे सरतो.

आज मी त्या बॉनेटखालच्या एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे ऑइलचं प्रेशर कमी होणं. हेच दुखणं निवडलं, कारण यात चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहिलं तर इंजिन जाम होतं. आणि दिवा लागल्याबरोबर कुणी म्हणालं की इंजिन खोला, आणि आपण मान डोलावली, तर कधी कधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते. मी काही इंजिनचं शिकलेली नाही, बी.ए. आहे. पण गटांच्या गाड्यांचे हिशोब बघता बघता मिस्त्र्यांच्या शेजारी बरीच उभी राहिले आहे. तिथे समजलेलं आज सांगते.

प्रेशर म्हणजे काय?

आपल्या शेतातलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. विहिरीत पाणी, पाण्यात फूटव्हॉल्व्हची जाळी, वर मोटर, मग फिल्टर, मेन लाइन, नळ्या आणि शेवटी ड्रिपर. इंजिनात अगदी हीच मांडणी आहे. खाली ऑइल साठवणारं चेंबर ही विहीर. त्यात बुडालेली जाळी. ऑइल पंप ही मोटर. मग ऑइल फिल्टर. तिथून ऑइल बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि वरच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात केसाहूनही बारीक फट असते. ती फट म्हणजे आपला ड्रिपर. फिरणारा क्रँक बेअरिंगला घासत नाही, तर त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर तरंगतो. थर गेला की लोखंड धातूला घासतं, तापतं आणि चिकटतं.

आता ठिबकचं प्रेशर कधी जातं? विहिरीत पाणी कमी झालं तर. जाळीत पाला अडकला तर. मोटर झिजली तर. बायपासचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर. आणि सगळं ठीक असूनही ड्रिपर तुटून भोकं मोठी झाली तर. इंजिनचंही असंच आहे. ऑइल कमी, जाळी तुंबलेली, पंप झिजलेला, प्रेशर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला किंवा बेअरिंग झिजून फट वाढलेली. एवढीच मुख्य कारणं.

ठिबकमध्ये नसलेलं एक कारण मात्र इंजिनात जास्तीचं आहे. पाणी गरम झालं तरी पाण्यासारखंच वाहतं, ऑइलचं तसं नसतं. काकवी आठवा. थंडीत बरणीतून निघता निघत नाही आणि कढईत पाण्यासारखी पळते. ऑइलही सकाळी गार असताना घट्ट असतं, म्हणून प्रेशर भरपूर दाखवतं. तासभर गाडी पळाली की पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. म्हणून खरी परीक्षा गरम इंजिनची, तीही गाडी जागेवर हळू चालू असताना. यालाच मिस्त्री आयडल म्हणतात.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डॅशबोर्डवर झारीसारखं चित्र असतं आणि तिच्या चोचीला एक थेंब. तो आपला दिवा. किल्ली फिरवली की तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझलाच पाहिजे. किल्ली फिरवूनही लागत नसेल तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल किंवा गाडी विकताना कुणीतरी मुद्दाम काढून ठेवली असेल. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ही पहिली तपासणी करा. फुकटची आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा दिवा इंजिनवर बसवलेल्या एका छोट्या स्विचमुळे लागतो आणि बहुतेक गाड्यांत तो स्विच प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. गरम इंजिनला आयडलवर साधारण एक बार तरी हवं असतं. म्हणजे प्रेशर बरंच पडल्यानंतर हा दिवा बोलतो. दिवा लागत नाही म्हणून इंजिन निरोगी आहे असं समजू नका. आणि चालत्या गाडीत लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. वाटेत थांबलेलं दूध नासलं तर एका दिवसाचं नुकसान होतं, पण इंजिन जाम झालं तर हंगामाचं होतं. ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवा. दिवा लागल्यावर गाडी थांबवलीस म्हणून तुला कुणी बोलणार नाही, हेही सांगा. बोलणी बसतील या भीतीनेच बरेच ड्रायव्हर गाडी रेटत नेतात.

आपण स्वतः करायच्या तपासण्या

आधी काळजी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकाला दगड. पदर किंवा ओढणी घट्ट खोचा, वेणी आत घ्या. इंजिन चालू असताना पंखा आणि पट्ट्याजवळ हात नेऊ नका. बॅटरीजवळ काम असेल तर धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा.

पहिलं, ऑइलची पट्टी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली उतरेल. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी योग्य ऑइल भरा आणि बघा दिवा जातो का. चढावर किंवा वळणावर दिवा लुकलुकतो आणि सपाटीला विझतो, हे ऑइल कमी असल्याचं नेहमीचं लक्षण. पण भरून विषय संपवू नका. ऑइल गेलं कुठे ते शोधा. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा, गळती असेल तर सकाळी डाग दिसेल. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय.

दुसरं, ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे का? जास्त असलं म्हणजे चांगलं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. जास्त ऑइलमध्ये क्रँक रवीसारखा फिरतो, फेस होतो आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. आणि कुणी न भरता पातळी वाढली असेल तर आणखी सावध व्हा, कारण त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

तिसरं, ऑइलचा वास आणि रंग. डिझेल गाडीचं ऑइल लवकर काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि बोटांत चोळल्यावर ऑइल पाण्यासारखं लागत असेल तर त्यात डिझेल उतरतंय. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळतंय. या दोन्ही वेळी गाडी चालवायची नाही. बोटाला कचकच लागली किंवा चमक दिसली तर तेही मिस्त्रीला सांगा.

चौथं, आपली वही. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, कोणत्या ग्रेडचं, फिल्टर बदलला की नाही? जुन्या डिझेल पिकअपना बहुधा १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल सांगितलेलं असतं, पण आपल्या गाडीचं पुस्तक सांगेल तेच खरं. यातला शेवटचा आकडा गरम झाल्यावर ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. आकडा लहान तर ऑइल पातळ. फिल्टर फारच तुंबला की त्यातली आडवाट उघडते आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जातं. म्हणून फिल्टरमध्ये काटकसर करू नका.

आकडा मागा

एवढं करूनही दिवा राहिला तर मिस्त्रीकडे जायचं. इथेच आपला पैसा वाचतो किंवा बुडतो, म्हणून नीट ऐका.

दोष कधी कधी दिव्याच्याच यंत्रणेत असतो. जुन्या गाड्यांत या स्विचला बहुधा एकच वायर असते. किल्ली चालू पण इंजिन बंद असताना ती वायर स्विचवरून काढायची. दिवा विझला पाहिजे. तरीही लागूनच राहिला तर वायर कुठेतरी सोलून गाडीच्या लोखंडाला टेकली आहे. म्हणजे पट्टीभर टेपचं काम. वायर ठीक निघाली तर स्विच खराब आहे की प्रेशरच कमी आहे, ते मोजल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. आवाज ऐकूनही नाही आणि अनुभवावरूनही नाही.

मोजायचं साधन साधं आहे. काट्याचं ऑइल प्रेशर गेज. स्विच काढून त्याच भोकात गेजची नळी बसवतात. ट्रक-ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या बऱ्याच गॅरेजात ते असतं. काट्यावर बार, किलो किंवा पीएसआय असं लिहिलेलं असतं. एक बार म्हणजे जवळपास एक किलो, म्हणजेच साडेचौदा पीएसआय. तीन आकडे घ्यायला सांगा. इंजिन गार असताना आयडलचा. वीस-तीस मिनिटं गाडी चालवून आणल्यावर गरम आयडलचा. आणि गरम असतानाच मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवरचा. आपल्या गाडीचे आकडे कंपनीच्या पुस्तकात असतात. ते मिळाले नाहीत तर मिस्त्री लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे, तो असा : गरम इंजिनला दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय.

आता आकडे वाचू या. गार असो की गरम, रेस द्या की देऊ नका, प्रेशर कायम कमीच आहे, तर संशय जाळीवर, प्रेशर व्हॉल्व्हवर किंवा पंपावर. रेस वाढवली की प्रेशर चढण्याऐवजी पडतं किंवा काटा थरथरतो, तर जाळी तुंबली आहे किंवा पंप हवा ओढतोय. सकाळी दिवा विझायला उशीर लागतो आणि नंतर सगळं ठीक असतं, तर बहुतेक वेळा फिल्टरमधलं रबर रात्रभर ऑइल धरून ठेवत नाही. गार असताना उत्तम, गरम आयडलला कमी आणि रेस दिल्यावर थोडं वर, तर दोनच शक्यता राहतात. ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग-पंप झिजलेत.

या दोन्ही दुखण्यांची नाडी सारखीच लागते. पण एकाचा इलाज ऑइल आणि फिल्टर, दुसऱ्याचा इलाज इंजिनकाम. म्हणून आधी नवं, योग्य ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर घालायचा आणि पुन्हा तेच तीन आकडे मोजायचे. आकडा सुधारला तर सुंठीवाचून खोकला गेला. नाही सुधारला तर पुढे जायचं, पण आता डोळे उघडे ठेवून.

दोन गटांच्या दोन गाड्या

एका भाजीवाल्या गटाच्या पिकअपचा दिवा घाट चढून आल्यावर मार्केटच्या रांगेत लुकलुकायचा. पहिल्या गॅरेजात न मोजताच सांगितलं, इंजिन बसलं, साठ हजार धरा. गटाच्या अध्यक्षांनी दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन गेज लावायला सांगितलं. गार आयडलला ३.४ बार, गरम आयडलला ०.४, आणि २००० फेऱ्यांवर १.१. प्रेशर कमी होतं, यात शंकाच नव्हती. पण पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या वर होतं आणि डिझेलचा वास येत होता. इंजिनवर बसवलेल्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये झिरपत होतं. फीड पंप दुरुस्त केला, ऑइल-फिल्टर बदलला आणि पुन्हा मोजलं. गरम आयडलला १.२ आणि २००० फेऱ्यांवर २.९. साठ हजारांच्या कितीतरी आत काम झालं आणि इंजिन खोलावं लागलंच नाही.

दुसरी गाडी दुधाची. तिथे नवं ऑइल घालूनही गरम आयडलचा आकडा वर आला नाही. जुना फिल्टर कापून बघितला तर घड्यांमध्ये बारीक चमकी होती आणि लोहचुंबकाला ती चिकटत नव्हती. बेअरिंगचा वरचा थर लोखंडाचा नसतो, तोच झिजून आला होता. मिस्त्रीने अख्खं इंजिन न उतरवता आधी खालून चेंबर उतरवलं. जाळी स्वच्छ होती, पण बेअरिंगचे पत्रे झिजले होते. क्रँक मात्र वाचला होता, कारण पहिल्या दिव्यालाच ड्रायव्हरने गाडी थांबवली होती. नवे पत्रे आणि नवा पंप बसला. खर्च झाला, त्या महिन्याला हप्त्याची ओढाताणही झाली. पण तशीच चालवली असती तर क्रँकवर ओरखडे पडले असते आणि तो काढून घासून घ्यावा लागला असता.

पहिल्या गाडीत खर्च टळला, दुसरीत टळला नाही. दोन्ही गटांना आपण पैसे कशाला देतोय हे मात्र नक्की माहीत होतं.

एका गोष्टीपासून जपा. प्रेशर वाढावं म्हणून खूप घट्ट ऑइल किंवा घट्ट करणारं औषध ओततात. काट्यावर आकडा वाढतो, दिवा विझतो, पण झिजलेलं बेअरिंग झिजलेलंच राहतं. ताप उतरवणारी गोळी घेऊन न्यूमोनिया बरा होत नाही. जुनी गाडी विकताना अशी युक्ती करणारेही असतात. म्हणून गाडी घेताना ती अर्धा तास चालवून गरम करा आणि मग आयडलला गेज लावून बघा. मालक गेज लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

बैठकीत करायचं काम

पुढच्या बैठकीत गाडीच्या वहीत एक पान आखा. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, भरलेलं ऑइल, फिल्टर आणि प्रेशरचे तीन आकडे. पट्टी दर आठवड्याला बघायची आणि हे काम दोघींनी आळीपाळीने करायचं. प्रेशर वर्षातून एकदा, ऑइल बदलताना, मोजून घ्यायचं. हळूहळू खाली येणारा आकडा दिवा लागायच्या कितीतरी आधी सांगतो की खर्च जवळ आलाय. मग त्यासाठी बचतीतून थोडं थोडं बाजूला काढता येतं.

काढलेलं जुनं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात परत द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात.

आणि इंजिन खोलायचं म्हणून कुणी पैसे मागितले तर मिस्त्रीदादांना शांतपणे तीन प्रश्न विचारा. गरम आयडलला प्रेशर किती आलं? ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा किती आलं? चेंबर उतरवून जाळी, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग बघितलं का? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो आकडे दाखवतो आणि काढलेले भाग हातात ठेवतो. ते भाग गाडीबरोबर घेऊन या आणि बैठकीत सगळ्यांना दाखवा. गाडी गटाची आहे, तिच्या पोटात काय झालं ते गटातल्या प्रत्येकीला कळलं पाहिजे.